पेट्रोल, रॉकेल, थिनर, ॲसिटोन, स्पिरिट : घरातल्या ज्वलनशील द्रवांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पेट्रोलचा क्षणात भडका उडतो, पण रॉकेलमध्ये पेटती काडी पडली तर विझते म्हणतात. दोन्ही तेलेच, मग फरक कशाचा?

फरक तापमानाचा. द्रव स्वतः जळत नाही. त्याच्या पृष्ठभागावरून उठणारी वाफ हवेत मिसळते आणि ते मिश्रण जळते. ज्या तापमानाला ठिणगीने पेटेल इतकी वाफ उठू लागते, त्याला फ्लॅश पॉइंट म्हणतात. पेट्रोलचा फ्लॅश पॉइंट सुमारे उणे ४० अंश सेल्सिअस आहे, म्हणजे कडाक्याच्या थंडीतही ते पेटायला तयारच असते. ॲसिटोनचा उणे २० च्या आसपास, थिनरमधल्या टोल्युइनचा ४, मिथेनॉलचा ११, आयसोप्रोपिल अल्कोहोलचा १२, शुद्ध इथेनॉलचा १३. रॉकेलचा मात्र ३८ च्या वर आणि डिझेलचा ५० च्या वर.

यावरून रॉकेल सुरक्षित आहे असा निष्कर्ष काढू नका, आणि काडी टाकून बघूही नका. थंड भांड्यातले रॉकेल सहज पेट घेत नाही; पण तेच फडक्यात, गादीत किंवा कपड्यात शोषले गेले की प्रत्येक धागा वात होतो आणि छोटी ज्योतही पुरते. फवाऱ्याच्या बारीक थेंबांचेही तसेच, तिथे फ्लॅश पॉइंटचा आकडा कामाला येत नाही. रंग पातळ करायच्या मिनरल टर्पेंटाइनचा फ्लॅश पॉइंट प्रकारानुसार ३० ते ४५ अंशांच्या दरम्यान असतो. सावलीत ते निवांत असते, पण उन्हाने तापलेल्या गच्चीवर सांडले की जवळजवळ पेट्रोलसारखे वागते.

गॅसची शेगडी चार हातांवर आहे. इतक्या लांब थिनर वापरले तर चालेल ना?

नाही. या सगळ्या द्रवांची वाफ हवेपेक्षा जड असते : इथेनॉलची सुमारे दीडपट, ॲसिटोनची दुप्पट, टोल्युइनची तिप्पट, पेट्रोलची तीन ते चार पट. ती वर जात नाही. जमिनीलगत पसरते, उंबरठा ओलांडते, पायऱ्या उतरते, मोरीत शिरते. दूरच्या ज्योतीपर्यंत पोचली की आग त्याच वाटेने उलटी धावत डब्यापर्यंत येते.

किती द्रव धोक्याचा, याचा हिशेब करून बघण्यासारखा आहे. १०० मिली ॲसिटोनची पूर्ण वाफ झाली तर सुमारे ३३ लिटर होते. हवेत ॲसिटोनची वाफ २.५ टक्के झाली की मिश्रण पेटू शकते. म्हणजे तेवढ्या ॲसिटोनने साधारण १.३ घनमीटर हवा ज्वलनशील होते. दीड मीटर लांब आणि एक मीटर रुंद न्हाणीघरात हा थर जमिनीपासून जवळपास ९० सेंटीमीटर उंच भरेल. पेट्रोलला तर १.४ टक्के पुरतात. एक लिटरची पूर्ण वाफ एका लहान खोलीला पुरेल.

म्हणून छताजवळची झडप उघडी ठेवून भागत नाही. समोरासमोरचे दार आणि खिडकी उघडा, म्हणजे वारा जमिनीलगत वाहील. शेगडी, देव्हाऱ्यातला दिवा, उदबत्ती, गॅस गीझर, सिगारेट हे सगळे काम सुरू करण्याआधी बंद. टेबलपंख्याची मोटर ठिणगी टाकू शकते, म्हणून तो सांडलेल्या द्रवाजवळ लावू नका.

वास येईनासा झाला म्हणजे वाफ गेली का?

वाफ गेली असेल किंवा नाकाला सवय झाली असेल. पाच मिनिटे बाहेर जाऊन या, मग परत हुंगून ठरवा. डोके जड होणे, मळमळ, उगाच हसू येणे ही नशा आहे. काम थांबवून बाहेर पडा.

कोणत्या कामाला कोणता द्रव?

दुकानात सगळ्यालाच थिनर म्हणतात, आणि निम्मे घोटाळे तिथेच होतात. ऑइल पेंट आणि इनॅमल पातळ करायला, त्यांचे ब्रश धुवायला मिनरल टर्पेंटाइन. एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकर आणि स्प्रेच्या रंगांना एनसी थिनर. ते टोल्युइन, ॲसिटोन, ब्युटाइल ॲसिटेट अशांचे मिश्रण असते आणि फार लवकर पेटते. हेच थिनर वाळलेल्या ऑइल पेंटवर लावले तर खालचा थर सुरकुततो आणि उचलून येतो. लाखेच्या पॉलिशला स्पिरिट, म्हणजे अल्कोहोल. पाण्याच्या इमल्शन रंगाला फक्त पाणी, त्यात थिनर ओतले तर रंग फाटतो.

बाटलीवरच्या लेबलचा चिकटा रॉकेलने किंवा टर्पेंटाइनने निघतो : बोळा भिजवून पाच मिनिटे चिकटवून ठेवा, मग पुसा, शेवटी साबणाने धुवा. बॉलपेनची शाई आणि मार्कर आयसोप्रोपिलने जातो. सायकलच्या साखळीतले वंगण आणि पायाला लागलेले डांबर रॉकेलने सुटते. या कामांना पेट्रोल वापरण्याचे काहीच कारण नाही. ते इंजिनचे इंधन आहे, सफाईचा द्रव नव्हे, आणि त्यात कर्करोगकारक बेंझीनही थोडे असते.

नेलपॉलिश, न वाळलेला इपॉक्सी आणि झटपट चिकटणारा सायनोॲक्रिलेट गोंद यांना ॲसिटोन. बोटे एकमेकांना चिकटली तर ओढू नका, ॲसिटोनचा बोळा कडेने हळूहळू फिरवा. (हा गोंद सुती कापडावर किंवा कापसावर जास्त सांडला तर इतक्या वेगाने कडक होतो की उष्णतेने धूर निघतो आणि कातडी भाजते. सुती हातमोजे घालून तो हाताळू नका.) वाळलेल्या इपॉक्सीवर घरातला कोणताही द्रव चालत नाही, तिथे पॉलिशपेपरच.

ॲसिटोन वापरण्याआधी खाली काय आहे ते बघा. थर्माकोल त्यात विरघळून जातो, ॲक्रिलिकला तडे जातात, एबीएस प्लास्टिक चिकट होते, ॲसिटेटचे कापड आणि चष्म्याची ॲसिटेट फ्रेम खराब होते. पॉलिथीन आणि पॉलिप्रॉपिलीनला काही होत नाही. आधी न दिसणाऱ्या कोपऱ्यावर एक थेंब टाकून एक मिनिट थांबा.

९९ टक्क्यांचे अल्कोहोल ७० टक्क्यांपेक्षा जास्त जंतू मारते का?

कमी मारते. जंतूंची प्रथिने गोठवायला पाणी लागते, शिवाय शुद्ध अल्कोहोल काम होण्याआधीच उडून जाते. त्वचा आणि पृष्ठभागासाठी ७० टक्के; सर्किट बोर्ड आणि विजेच्या जोडण्यांसाठी ९९ टक्के, कारण तिथे पाणी नको असते. पाणी मिसळले म्हणून आगीचा धोका टळत नाही. ७० टक्के इथेनॉलचा फ्लॅश पॉइंटही २० अंशांखालीच राहतो. सॅनिटायझर लावल्यावर हात पूर्ण कोरडे होईपर्यंत चोळा, त्यानंतरच काडी पेटवा.

लाकडाला जवसाचे तेल लावलेली फडकी आपोआप पेटतात, हे खरे का?

अगदी खरे. या पानावरची एकच गोष्ट लक्षात ठेवायची तर ही ठेवा, कारण इथे ना ठिणगी लागते, ना कोणी जवळ असावे लागते.

जवसाचे तेल वाळते म्हणजे उडून जात नाही. ते हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होते आणि त्या क्रियेत उष्णता सुटते. फळीवर पातळ थर असतो तेव्हा ती उष्णता हवेत निघून जाते. चुरगाळलेल्या फडक्यात मात्र तेलाचा पृष्ठभाग प्रचंड असतो, प्राणवायू आत पोचतो आणि उष्णता बाहेर पडत नाही. आतले तापमान वाढले की क्रिया आणखी वेगाने होते, ती वाढली की तापमान आणखी वाढते. काही तासांत फडके धुमसू लागते, बऱ्याचदा काम संपवून सगळे झोपल्यावर. ‘बॉइल्ड’ म्हणून विकल्या जाणाऱ्या तेलात लवकर वाळवणारे धातूंचे क्षार असतात, त्यामुळे ते कच्च्या तेलापेक्षा जास्त धोक्याचे. टंग तेल, अक्रोडाचे तेल, डॅनिश ऑइल, तेलाचे वुडस्टेन यांनाही हेच लागू आहे.

१९९१ च्या फेब्रुवारीत अमेरिकेत फिलाडेल्फियातील ३८ मजली वन मेरिडियन प्लाझा इमारतीला लागलेली आग २२ व्या मजल्यावर ठेवलेल्या जवसाच्या तेलाच्या फडक्यांतून सुरू झाली होती. तीन अग्निशमन जवान त्यात गेले.

उपाय फुकटचा आहे. काम संपल्याबरोबर फडकी उलगडून, घडी न घालता, एकेरी थरात घराबाहेर तारेवर किंवा दगडी कठड्यावर पसरा. कडक झाली की कचऱ्यात टाकता येतात. बाहेर जागा नसेल तर झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात पाण्यात पूर्ण बुडवून ठेवा. कचऱ्याच्या पिशवीत कोंबणे, बादलीत ढीग करणे, उन्हात गोळा टाकून ठेवणे या तिन्ही सवयी आग लावणाऱ्या आहेत. लाकूड घासणाऱ्या सँडर यंत्राच्या पिशवीतला तेलकट भुसाही रोज रिकामा करा.

सूर्यफूल आणि सोयाबीन तेलही थोड्या प्रमाणात असेच वागते. मालिशचे तेलकट टॉवेल धुऊन ड्रायरमधून गरमागरम काढले आणि ढिगाने ठेवले तर ते तापून पेटू शकतात. ड्रायरचा थंड हवेचा शेवटचा टप्पा मधेच तोडू नका.

निव्वळ रॉकेल किंवा मिनरल टर्पेंटाइन लागलेली फडकी अशी स्वतःहून तापत नाहीत. पण ती ठिणगीने सहज पेटतात, म्हणून तीही बाहेरच वाळवा.

रॉकेल कमी पडले, त्यात थोडे पेट्रोल घातले तर स्टोव्ह चालेल का?

चालेल, आणि फुटेलही. मिश्रणाचा फ्लॅश पॉइंट सरासरीने ठरत नाही, जास्त उडणारा द्रव तो ठरवतो. रॉकेलमध्ये थोडेसे पेट्रोल गेले तरी टाकीतली वाफ खोलीच्या तापमानाला पेटण्याजोगी होते आणि ज्योत वातीवरून टाकीत शिरते. पेट्रोलसाठी वापरलेल्या डब्यात रॉकेल आणणे हाच याचा नेहमीचा मार्ग, मुद्दाम कोणी मिसळत नाही. दोन्हींचे डबे वेगळे, रंगही वेगळे ठेवा. रॉकेल नेहमीपेक्षा उग्र वासाचे वाटले तर ते दिव्यात किंवा स्टोव्हमध्ये घालू नका.

स्पिरिटचा बर्नर विझला असे वाटते. वरून थोडे ओतू का?

आधी थांबा. मिथेनॉल आणि इथेनॉलची ज्योत फिकट निळी असते, उजेडात दिसतच नाही. ज्योत शिल्लक असेल तर ती ओतणाऱ्या धारेवरून बाटलीत चढते, आतली वाफ पेटते आणि बाटलीच्या तोंडातून जळता द्रव कित्येक फूट लांब फेकला जातो. भाजतो तो बहुधा समोर बसलेला माणूस. बर्नरवर झाकण ठेवा, धातू हाताला गार लागेपर्यंत थांबा, बाटली बंद करून दूर ठेवा आणि मगच पेटवा. हाच नियम शेकोटीला : पेटत्या किंवा धुमसत्या लाकडांवर कोणताही द्रव ओतायचा नाही.

प्लास्टिकच्या डब्यात पेट्रोल भरताना तो खाली का ठेवायचा?

पेट्रोल, रॉकेल, टोल्युइन हे विजेचे वाईट वाहक. नळीतून वेगाने वाहताना त्यांच्यात स्थिर विद्युत साठते. डबा गाडीच्या डिकीतल्या गालिच्यावर असेल तर तिला जमिनीत जायला वाट मिळत नाही आणि नोझल व तोंड यांच्यामध्ये ठिणगी पडू शकते. डबा जमिनीवर ठेवा, नोझल तोंडाला टेकवून ठेवा, धार हळू सोडा. इंधनासाठी बनवलेलाच डबा घ्या, साधा कॅन नको. भरताना गाडीत जाऊन बसू नका. सीटवरून उठताना अंगावर वीज साठते.

डबा काठोकाठ भरू नका. तापमान १० अंशांनी वाढले की पेट्रोल सुमारे १ टक्का फुगते. सकाळी भरलेले १० लिटर दुपारी २० अंशांनी तापले तर जवळपास २०० मिली जागा मागते. दहावा भाग रिकामा सोडा.

साठवायचे कसे?

मूळ डब्यात, घट्ट झाकणाने, लेबलसह, सावलीत, घराबाहेरच्या वाऱ्याच्या जागी. पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत कधीही नाही. मुले रॉकेल पितात ते याच बाटल्यांतून. फ्रिजमध्येही नाही : आतला दिवा आणि थर्मोस्टॅट ठिणगी टाकतात आणि बंद कपाटात वाफ कोंडते. जिन्याखाली ठेवू नका, आग लागली तर बाहेर पडायची वाटच बंद होईल.

आमच्या मते घरात टर्पेंटाइनची एक छोटी बाटली, आयसोप्रोपिलची एक आणि लागले तर ॲसिटोनची एक एवढे पुरे. बाकी काम निघेल तेव्हा आणा. पेट्रोल महिनोन्‌महिने ठेवले तर हलका भाग उडतो, चिकटा बनतो आणि इंजिन सुरू होत नाही.

स्प्रेच्या डब्यात दाब देणारा वायू बहुधा प्रोपेन-ब्युटेन किंवा डायमिथाइल ईथर असतो. डबा ५० अंशांवर तापू देऊ नका. उन्हात बंद मोटारीत डॅशबोर्डवर ठेवणे म्हणजे तेच.

डबा रिकामा आहे. कापून कुंडी करू का?

नको. भरलेल्या डब्यात वाफ दाट असते आणि हवा कमी. ‘रिकाम्या’ डब्यात तळाशी राहिलेल्या चमचाभर द्रवाची वाफ आणि भरपूर हवा, म्हणजे नेमके स्फोटाचे मिश्रण. ग्राइंडर, वेल्डिंग किंवा ड्रिल लावल्यावर झाकण उडून माणसे गेली आहेत. पाण्याने विसळल्यानेही खात्री देता येत नाही.

हातमोजे आणि मास्क कोणते?

नायट्राइलचे मोजे पेट्रोल, रॉकेल, टर्पेंटाइनला चांगले. ॲसिटोन मात्र पातळ नायट्राइलमधून बघता बघता आरपार जाते; त्याला ब्युटाइल रबर हवे, नाहीतर मोजा भिजला की लगेच बदला. लेटेक्स पेट्रोलमध्ये फुगून फाटते. कापडी मास्क आणि एन-९५ धूळ अडवतात, वाफ अजिबात नाही. बंद जागेत जास्त काम असेल तर सेंद्रिय वाफेसाठीचे सक्रिय कोळशाचे कार्ट्रिज असलेला मास्क लागतो. टोल्युइनची वाफ गरोदर स्त्रियांनी टाळावी. चपला-पिशव्यांच्या गोंदातले एन-हेक्झेन सतत हुंगल्याने हातापायांच्या नसा मरतात, बोटे बधिर होतात.

ज्वलनशील नाही असे लिहिलेले पेंट रिमूव्हर जास्त सुरक्षित ना?

आगीपासून, हो. त्यातले बरेचसे डायक्लोरोमिथेनचे असतात. शरीरात त्याचा काही भाग कार्बन मोनॉक्साइड होतो, आणि त्याची जड वाफ टबमध्ये किंवा न्हाणीघरात साठली की माणूस शुद्ध हरपून पडतो. असे मृत्यू झाल्यामुळे अमेरिकेने २०१९ मध्ये ते रंग काढण्यासाठी ग्राहकांना विकण्यावर बंदी घातली. क्लोरीनयुक्त ब्रेक क्लीनरचेही एक पथ्य आहे : फवारलेला भाग कोरडा होण्याआधी वेल्डिंग नको, ज्योतीत त्यापासून फॉस्जीन हा विषारी वायू तयार होतो. ब्लीचमध्ये अल्कोहोल किंवा ॲसिटोन मिसळू नका, क्लोरोफॉर्मसारखी द्रव्ये बनतात.

सांडले तर?

दिव्याचे बटण लावूही नका आणि बंदही करू नका. ज्योती विझवा, मुलांना बाहेर पाठवा, दारे-खिडक्या उघडा. कोरडी वाळू किंवा माती टाकून शोषून घ्या, पत्र्याच्या सुपलीने भरून बाहेर न्या. व्हॅक्यूम क्लीनर नको. पेट्रोल लागलेले कपडे आधी बाहेर वाऱ्यावर वास जाईपर्यंत वाळवा. थेट वॉशिंग मशीनमध्ये आणि त्याहून वाईट म्हणजे ड्रायरमध्ये टाकू नका.

आग लागली तर पाणी का नाही?

पेट्रोल, रॉकेल, थिनर पाण्यावर तरंगतात. पाणी खाली जाते आणि जळता थर खोलीभर पसरतो. भांड्यातली आग असेल तर मोठे झाकण कडेने सरकवत ठेवा, वरून आपटू नका, आणि गार होईपर्यंत उचलू नका. पेटते भांडे उचलून बाहेर पळणे हा सर्वांत घातक आवेग आहे. कोरड्या पावडरचे यंत्र असेल तर दोन-तीन मीटरवरून ज्योतीच्या बुडाशी डावीकडून उजवीकडे झाडल्यासारखे मारा. जवळून सरळ द्रवावर मारले तर तो उडतो. आग विझवायच्या यंत्रातला साधा फेस अल्कोहोल आणि ॲसिटोनच्या आगीवर टिकत नाही. दहा सेकंदांत आटोक्यात आली नाही तर दार ओढून घेऊन बाहेर पडा.

कपडे पेटले तर धावू नका. जमिनीवर लोळा, जाड सुती चादर गुंडाळा. भाजलेल्या जागी २० मिनिटे वाहते गार पाणी. बर्फ नको, टूथपेस्ट नको.

मुलाने रॉकेल प्यायले. उलटी करवू का?

अजिबात नाही. मीठ-पाणी नाही, घशात बोट नाही. रॉकेल, पेट्रोल, टर्पेंटाइन फार पातळ असतात. उलटी होताना थोडेसेही श्वासनलिकेत गेले तर फुप्फुसात पसरते आणि रासायनिक न्यूमोनिया होतो. पोटात गेलेले रॉकेल त्यापेक्षा कमी घातक. तोंड पुसा, बसते ठेवा, रॉकेल लागलेले कपडे काढा, अंग साबणाने धुवा, बाटली बरोबर घेऊन दवाखान्यात जा. आता ठीक दिसते म्हणून घरी थांबू नका. खोकला आणि धाप काही तासांनीही सुरू होते.

मिथेनॉलची तऱ्हा वेगळी आहे, त्याची लक्षणे अर्धा-एक दिवस उशिरा येतात. यकृतात त्याचे फॉर्मिक आम्ल होते आणि ते डोळ्यांची नस जाळते. १० मिली शुद्ध मिथेनॉलही दृष्टी घालवू शकते. नजर धूसर होण्याची वाट न पाहता रुग्णालय गाठा. तिथे फोमेपिझोल हे औषध किंवा मोजून दिलेले इथेनॉल आणि गरज पडल्यास डायलिसिस हा उपचार असतो.

डोळ्यात काही उडाले तर पापण्या उघड्या धरून १५ मिनिटे वाहत्या पाण्याखाली.

ब्रश धुतलेले टर्पेंटाइन कुठे टाकायचे?

मोरीत किंवा गटारात नाही. तिथे वाफ साठते. टाकायची घाईही नको, ते परत वापरता येते. ब्रशवरचा रंग आधी कागदावर पुसा, मग तीन बरण्यांत क्रमाने धुवा : पहिलीत जुने गढूळ, दुसरीत जरा स्वच्छ, तिसरीत नवे. झाकण लावून आठवडाभर ठेवले की रंग तळाशी बसतो. वरचे नितळ टर्पेंटाइन हळूच ओतून घ्या आणि पुढच्या वेळी पहिल्या बरणीसाठी वापरा. तळाचा गाळ वाळूत कालवून बाहेर वाळवा आणि घातक कचरा घेणाऱ्यांकडे द्या.